शब्द पाठ आहेत, पण तोंडात येत नाहीत: प्रगत इंग्रजी शब्द शिकण्याचा नीट क्रम

एका वरिष्ठ सहकाऱ्याने मला एक किचकट विषय फार छान समजावून दिला होता. आभाराच्या ईमेलमध्ये मी लिहिलं, तुमचं स्पष्टीकरण खूप 'सिम्प्लिस्टिक' होतं. माझ्या वहीत त्या शब्दापुढे 'सोपे, सरळ' असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात सिम्प्लिस्टिक म्हणजे गुंतागुंत नजरेआड करून उथळपणे सोपं केलेलं. आभार मानता मानता मी त्यांना उथळ म्हणून बसलो होतो. ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

वहीतला अर्थ अर्धवट होता आणि त्या अर्ध्यावर मी पूर्ण वाक्य उभं केलं. प्रगत शब्द शिकणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. कुठूनतरी शंभर शब्दांची यादी मिळते, प्रत्येकासमोर एकेक मराठी शब्द लिहिला जातो, रात्री घोकंपट्टी होते, सकाळी नवी यादी. महिन्याभराने वही भरलेली असते आणि लिहिताना हाताशी येतात ते गुड, बिग, इम्पॉर्टंट हेच. मेहनतीत काही कमी नसतं, क्रम उलटा झालेला असतो. खाली तो क्रम दिला आहे. टप्पे गाळू नका, विशेषतः तिसरा आणि चौथा.

आणखी एक. इथे मी इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या वहीत मात्र ते रोमन लिपीत, पूर्ण स्पेलिंगसहच लिहा.

## पूर्वतयारी: आधी पाया तपासा, मग साधनं

प्रगत शब्द म्हणजे साधारण पहिल्या ३००० नेहमीच्या शब्दांच्या पुढचे. हा पाया कच्चा असेल तर 'युबिक्विटस' (जिथे तिथे आढळणारा) शिकून उपयोग नाही. तुम्हाला आवडणाऱ्या विषयावरचा एखादा इंग्रजी लेख घ्या आणि त्यातले सलग १०० शब्द मोजा. दोन-तीन शब्द अडले तर हा मजकूर तुमच्यासाठी योग्य आहे. दहा-बारा अडले तर आधी सोप्या मजकुराकडे वळा. इतके शब्द अडत असतील तर संदर्भावरून अर्थाचा अंदाज बांधताच येत नाही, कारण संदर्भच कळलेला नसतो.

किती पल्ला गाठायचा, याचाही अंदाज असू द्या. भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कादंबरी किंवा वर्तमानपत्रातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायला हवे असतील तर ८००० ते ९००० शब्दकुटुंबं लागतात. कुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं: डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, इनडिसिजन हे सगळे मिळून एक. हा आकडा दोन-तीन महिन्यांत गाठायचा नाही. त्याचं काम एवढंच, की 'तीस दिवसांत पाच हजार शब्द' अशी जाहिरात दिसली की तुम्ही पुढे सरकाल.

साधनं तीनच लागतात.

पहिलं, इंग्रजी-इंग्रजी 'लर्नर्स डिक्शनरी'. साधा इंग्रजी कोश नको. लर्नर्स डिक्शनरी परभाषक विद्यार्थ्यांसाठी बनवलेली असते, तिच्यातल्या व्याख्या सोप्या शब्दांत असतात आणि शब्दांचा वापर उदाहरणांतून दाखवलेला असतो. नामांकित प्रकाशनांच्या अशा डिक्शनऱ्या ऑनलाइन मोफत मिळतात. इंग्रजी-मराठी कोश फेकून देऊ नका, पण तो नंतर उघडायचा आहे.

दुसरं, रोज वाचता येईल असा खरा मजकूर: अग्रलेख, विज्ञानविषयक लेख, चरित्र, जे तुम्ही एरवीही वाचाल ते.

तिसरं, शब्द साठवण्याची एकच जागा. कार्डांची पेटी किंवा फोनवरचं ॲप. अर्धे शब्द वहीत, काही स्क्रीनशॉटमध्ये आणि काही पुस्तकाच्या समासात असतील तर उजळणी होत नाही.

## टप्पा १: शब्द निवडा, म्हणजे बहुतेक नाकारा

अडलेला प्रत्येक शब्द शिकायचा नसतो. इथे कडक व्हा. शब्दाला तीन प्रश्न विचारा. गेल्या काही आठवड्यांत हा मला किमान दोनदा भेटलाय का? माझ्या कामाच्या किंवा आवडीच्या विषयात हा येतो का? पुढच्या महिन्यात मी हा लिहीन किंवा बोलेन, अशी शक्यता आहे का? तिन्हींची उत्तरं 'नाही' असतील तर शब्द सोडून द्या.

'पल्क्रिट्यूड' म्हणजे सौंदर्य. शब्द यादीत रुबाबदार दिसतो, पण रोजच्या लेखनात तो जवळजवळ कोणी वापरत नाही, आणि वापरलाच तर बहुधा थट्टेने. याउलट 'टेन्टेटिव्ह', 'प्लॉझिबल', 'डिस्क्रेपन्सी', 'इनहेरंट', 'ॲम्बिग्युअस' हे शब्द दिसायला साधे, पण कुठल्याही गंभीर लेखात हटकून भेटणारे. नवशिक्याचा ओढा पहिल्या प्रकाराकडे असतो, कारण त्यात मिरवता येतं. कामाला दुसरा प्रकार येतो.

यादीच हवी असेल तर वापराच्या वारंवारितेवर बेतलेली घ्या. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० शब्दकुटुंबांची 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. अभ्यासपर इंग्रजी मजकुरातले सुमारे १० टक्के शब्द या यादीतले असतात. उच्च शिक्षण किंवा औपचारिक लेखन हे ध्येय असेल तर सुरुवात इथून करा. काही डिक्शनऱ्यांत शब्दापुढे ए-१ (अगदी प्राथमिक) पासून सी-२ (सर्वांत वरची) पर्यंतची भाषेची पातळीही दिलेली असते. बी-२ आणि सी-१ हा पट्टा तुमचा. सी-२ चे शब्द वाचनात आपोआप येऊ द्या.

निवडलेल्या शब्दांचे पुन्हा दोन गट करा. एक 'ओळखायचे', म्हणजे वाचताना कळले तरी पुरे. दुसरा 'वापरायचे'. पुढचे सगळे टप्पे दुसऱ्या गटासाठी आहेत. पहिल्या गटाला दुसरा टप्पा आणि अधूनमधून उजळणी एवढं पुरतं. दोन्ही गटांवर सारखी मेहनत घेणारा दमतो आणि दोन्ही सोडून देतो.

तपासा: रोज नवे शब्द किती? पाच. उत्साह ओसंडत असला तरी सातच्या वर जाऊ नका. कारण सातव्या टप्प्यात आकड्यांनिशी येईल.

## टप्पा २: आधी अंदाज, मग कोश, सर्वांत शेवटी मराठी

शब्द अडला की लगेच त्यावर बोट दाबून अर्थ पाहू नका. वाक्य पुन्हा वाचा. नाम आहे की क्रियापद? सूर चांगला की वाईट? एक कच्चा अंदाज बांधा, चुकला तरी चालेल. चुकलेला अंदाज आणि खरा अर्थ यांच्यातला फरक डोक्यात चांगला रुततो.

मग लर्नर्स डिक्शनरी उघडा आणि ती या क्रमाने वाचा:

१. शब्दाची जात, आणि नाम असेल तर ते मोजता येतं की नाही. 'इन्फर्मेशन', 'एव्हिडन्स', 'फर्निचर' यांना अनेकवचनाचा एस लावणाऱ्यांनी ही पायरी गाळलेली असते.

२. लेबल. फॉर्मल, इनफॉर्मल, लिटररी, ओल्ड-फॅशन्ड, डिसअप्रूव्हिंग असे बारीक अक्षरातले शब्द. सगळ्यांत जास्त दुर्लक्ष यांच्याकडेच होतं. 'सिम्प्लिस्टिक'च्या शेजारी 'डिसअप्रूव्हिंग' असं मी पाहिलं असतं तर ती ईमेल गेली नसती.

३. उदाहरणं, निदान तीन.

४. व्याख्या.

५. आता मराठी. कोशातला शब्द उतरवण्याऐवजी, मूळ वाक्य तुम्ही मराठीत कसं बोलला असता ते म्हणून पाहा. 'टेन्टेटिव्ह प्लॅन'ला कोश 'तात्पुरती योजना' म्हणेल. आपण बोलताना म्हणतो, "अजून पक्कं नाही." दुसऱ्यात अर्थ जास्त नेमका आहे.

थांबा: शब्दाचे सहा अर्थ दिलेले असतील तर सहाच्या सहा उतरवू नका. तुमच्या वाक्यातला एकच घ्या. बाकीचे जेव्हा भेटतील तेव्हा.

## टप्पा ३: छटा ओळखा

मराठी माणसाला इथे खरं तर फायदा आहे, पण आपण तो घेत नाही. छटांचं भान आपल्याला मातृभाषेतून मिळालेलं असतं. पैसे जपून वापरणाऱ्याला कौतुकाने 'काटकसरी' म्हणतात आणि मागे नावं ठेवायची तर 'चिक्कू' म्हणतात, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीतही तीच उतरंड आहे. 'थ्रिफ्टी' आणि 'फ्रूगल' काटकसरीच्या बाजूला, 'स्टिन्जी' आणि 'मायझर्ली' चिक्कूपणाच्या. 'पार्सिमोनियस' हाही कंजूषच, फक्त औपचारिक कपड्यातला. कोशात पाचांसमोर 'कंजूष, काटकसरी' असं एकत्र लिहिलेलं असतं आणि आपली सगळी मातृभाषेतली समज तिथे वाया जाते.

म्हणून अर्थ लिहिताना मराठीतला छटेसकट जुळणारा शब्द शोधा, मग तो बोलीतला असला तरी चालेल. 'क्युरियस' म्हणजे कुतूहल असलेला. 'इन्क्विझिटिव्ह' म्हणजे चौकस. 'नोझी' म्हणजे चोंबडा. 'टेनेशियस' म्हणजे चिवट, चिकाटीचा. 'ऑब्स्टिनेट' म्हणजे हेकट. बोलणाऱ्यांचंही तसंच: 'आर्टिक्युलेट' मुद्देसूद बोलतो, 'गॅर्युलस' पाल्हाळ लावतो, आणि 'ग्लिब' गोड गोड बोलून वेळ मारून नेतो. 'चोंबडा' हा शब्द वहीत लिहायला संकोच वाटेल, पण 'जिज्ञासू (वाईट अर्थाने)' असल्या टिपणापेक्षा तो शंभरपट उपयोगी आहे.

छटेच्या तीन बाजू तपासा: कौतुक की टीका, औपचारिक की घरगुती, आणि जोर किती. 'डिसअपॉइंटेड', 'डिसमेड', 'डेव्हस्टेटेड' या चढत्या पायऱ्या आहेत. बैठक रद्द झाली म्हणून 'डेव्हस्टेटेड' झालात तर समोरचा घाबरेल.

आता एक मोठी चूक. वरचे गट पाहून 'हॅपीसाठी दहा पर्यायी शब्द' अशी यादी एका बैठकीत पाठ करायला जाऊ नका. जवळच्या अर्थाचे कोरे शब्द एकाच दिवशी घेतले की ते एकमेकांत मिसळतात. अर्थ आठवतो, पण कुठला कोणाचा ते आठवत नाही. आधी एकच घ्या, समजा 'फ्रूगल'. तो दोन-तीन आठवड्यांत पक्का झाला की मग 'स्टिन्जी' आणा आणि जुन्याशी तुलना करा. दिसायला सारख्या जोड्यांनाही हाच नियम: 'इन्जीनियस' (कल्पक) आणि 'इन्जेन्युअस' (निष्कपट, भाबडा) कधीही एका दिवशी नकोत.

## टप्पा ४: सोबती शब्दांसकट उचला

मराठीत तहान भागते, राग निवळतो, आग विझते, वादळ शमतं. सगळ्यांत काहीतरी कमीच होतंय, पण 'माझी तहान विझली' असं कोणी म्हणत नाही. असं का, याला व्याकरणाचा नियम नाही. ते शब्द वर्षानुवर्षं एकत्र नांदतात, एवढंच. इंग्रजीत याला कोलोकेशन म्हणतात. व्याकरण बिनचूक असूनही वाक्य परकं वाटतं, तेव्हा बहुधा कोलोकेशन चुकलेलं असतं.

'कमी करणे' या एकाच मराठी अर्थाखाली येणारे तीन शब्द पाहा. 'मिटिगेट' करायचं ते धोका, नुकसान, दुष्परिणाम. 'अलीव्हिएट' करायचं ते दुखणं, हालअपेष्टा, दारिद्र्य, ताण. 'अस्वेज' करायची ती अपराधी भावना, भीती, शंका. वहीत तिन्हींसमोर 'कमी करणे' लिहून ठेवलं तर तुम्ही कधीतरी अपराधी भावना मिटिगेट कराल.

म्हणून नुसता शब्द लिहू नका, जोडी लिहा: ब्लेटंट लाय, स्कॅदिंग क्रिटिसिझम, फोरगॉन कन्क्लूजन, स्टॉन्च सपोर्टर. डिक्शनरीच्या उदाहरणांत जाड टाइपात छापलेले शब्द बहुधा हे सोबतीच असतात. काही शब्दांची संगत ठरावीक मूडची असते, तीही टिपा. 'सेट इन' हे क्रियापद घ्या. पॅनिक सेट इन होतं, निराशा सेट इन होते, कुजणं सेट इन होतं. आनंद सहसा होत नाही.

दुसरा सोबती म्हणजे शब्दामागचं प्रिपोझिशन. ते शब्दाचाच भाग समजा आणि एका दमात म्हणा: कम्प्लाय विथ, ॲव्हर्स टू, कन्ड्यूसिव्ह टू, डिव्हॉइड ऑफ, रिफ्रेन फ्रॉम. इथे आपल्या चुका ठरलेल्या आहेत, कारण मागून मराठी ढकलत असते. आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' येतं. इंग्रजीत नुसतं डिस्कस पुरतं. आपण मुद्द्या'वर' भर देतो, म्हणून 'एम्फसाइझ ऑन' येतं. क्रियापदाला ऑन लागत नाही, 'एम्फसिस' या नामाला लागतं. 'डिस्पाइट ऑफ' आणि 'कोप अप विथ' हेही असेच. डिस्पाइटमागे ऑफ नको आणि कोपमागे अप नको.

'मिटिगेट अगेन्स्ट' हा प्रयोग छापील मजकुरातही दिसतो, म्हणून वेगळं सांगतो. तिथे हवा असतो तो शब्द 'मिलिटेट अगेन्स्ट', म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणे.

तपासा: शब्दासोबत किमान दोन सोबती लिहिता आले का? नसतील तर तो शब्द अजून 'ओळखायचे' याच गटात ठेवा.

## टप्पा ५: उच्चार, आणि आघातही

हे काम दोन मिनिटांचं आहे, पण पहिल्याच दिवशी करायचं. चुकीचा उच्चार महिनाभर मनात घोळला की तो सुटत नाही. डिक्शनरीतल्या स्पीकरच्या चिन्हावर दाबा, दोनदा ऐका, तीनदा मोठ्याने म्हणा.

स्पेलिंगवर विसंबू नका. 'सटल'मध्ये बी लिहितात, उच्चारत नाहीत. 'इन्डाइट' (आरोप ठेवणे) मध्ये सी मुका आहे. 'हायपर्बली'ला (अतिशयोक्ती) हायपरबोल म्हणणारे आणि 'इपिटमी'ला (मूर्तिमंत नमुना) एपिटोम म्हणणारे पुष्कळ. 'अराय'चा (ए-डब्ल्यू-आर-वाय, म्हणजे बिनसलेलं) उच्चार तर 'ऑरी' असा करत मी कित्येक वर्षं काढली.

देवनागरीत उच्चार लिहून ठेवायला हरकत नाही, पण मराठी लेखनात आघात दिसत नाही आणि इंग्रजीत तो चुकला की शब्द ओळखू येत नाही. शब्दाच्या ज्या अवयवावर (सिलेबलवर, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) जोर आहे त्याखाली रेघ मारा. 'इकॉनमी'त जोर 'कॉ'वर, 'इकनॉमिक'मध्ये 'नॉ'वर. शेवटी 'इक' किंवा 'शन' असलेल्या बहुतेक शब्दांत जोर त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी शेकडो शब्दांचं काम होतं.

## टप्पा ६: कार्ड बनवा

समोर शब्द, मागे अर्थ, असं कार्ड करू नका. त्याने ओळख पक्की होते, वापर होत नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्दाची जागा रिकामी ठेवलेलं वाक्य लिहा, जमल्यास तुम्हाला जिथे शब्द भेटला तेच. खाली मराठीत एक इशारा: 'अजून पक्कं नाही' किंवा 'चोंबडा'. मागच्या बाजूला शब्द, जोर दाखवलेला उच्चार, दोन सोबती, लेबल. बस. एका कार्डावर एकच अर्थ.

शब्द लक्षात राहायला मूळ धातूची मदत होते. लॅटिनमधलं 'बेने' चांगल्याचं आणि 'माल' वाइटाचं. आपल्याकडच्या 'सु' आणि 'दुर्' सारखंच. म्हणून 'बेनेव्होलंट' (भलं चिंतणारा) आणि 'मॅलेव्होलंट' (वाईट चिंतणारा) ही जोडी सुगंध-दुर्गंधासारखी जुळते. 'स्पेक' म्हणजे पाहणे. 'सर्कम्स्पेक्ट' म्हणजे चहूबाजूंनी पाहणारा, अर्थात सावध.

थांबा: कळलेला अर्थ लक्षात ठेवायला धातू वापरा. न कळलेला अर्थ ओळखायला वापरलात तर फसाल. 'नॉइझम'चा नॉइझशी संबंध नाही, अर्थ आहे घाणेरड्या वासाचा. 'एनर्व्हेट' ऐकायला एनर्जी देणारा वाटतो, करतो उलट: अंगातलं त्राण काढून घेतो. 'इनफ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं, 'फ्लेमेबल' म्हणजेही तेच. 'इनव्हॅल्युएबल'ला किंमत नसलेलं समजू नका. आपल्या 'अमूल्य' शब्दात जी गंमत आहे, तीच इथे आहे.

## टप्पा ७: उजळणी, आणि पाचाचा हिशेब

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून पाहिली आणि १८८५ मध्ये निष्कर्ष मांडले: विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो. म्हणून पहिल्या उजळण्या जवळजवळ हव्यात आणि नंतरच्या लांब गेल्या तरी चालतं. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, सोळाव्या आणि एकतिसाव्या दिवशी, म्हणजे शिकल्यापासून १, ३, ७, १५ आणि ३० दिवसांनी.

आता हिशेब. रोज ५ नवे शब्द आणि प्रत्येकाच्या ५ उजळण्या धरल्या तर महिन्याभरानंतर रोज २५ कार्डं समोर येतात. एका कार्डाला अर्धा मिनिट धरला तर बारा-तेरा मिनिटं. रोज २० नवे घेतलेत तर १०० कार्डं, ५० मिनिटं, तीही नवे शब्द शिकण्याचा वेळ सोडून. पहिल्या आठवड्यात हा बोजा जाणवत नाही. चौथ्या आठवड्यात पेटी उघडायची भीती वाटायला लागते. वहीचा उत्साह नेमका तिथेच का संपतो, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

कागदी कार्डांसाठी सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेली पेटी उत्तम. पाच कप्पे करा. आठवलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, अडलं की थेट पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे वाढत्या अंतराने. हेच काम ॲप हवं असेल तर 'अँकी' करतं. नावाचा जपानीत अर्थ पाठांतर. त्यात इतरांनी बनवलेले हजारो शब्दांचे तयार गठ्ठे मिळतात, ते घेऊ नका. ज्या कार्डामागे तुम्ही वाचलेलं वाक्य नाही, ते कार्ड पुन्हा यादीच आहे.

उजळणी म्हणजे कार्ड वाचणं नव्हे. मागची बाजू झाकून शब्द मोठ्याने म्हणायचा, दहा सेकंद प्रयत्न करायचा, मग उलटायचं. 'हां, माहीत होता' असं उलटल्यावर वाटलं तर तो अडलेलाच धरा. प्रामाणिकपणा इथे फक्त स्वतःपुरता आहे, तरी आपण लबाडी करतो.

## टप्पा ८: वापरा, पण जपून

शब्द तिसऱ्या कप्प्यात पोचला की त्याची तीन वाक्यं लिहा. एक तुमच्या कामातलं, एक तुमच्या मताचं, एक नकारार्थी किंवा प्रश्नार्थक. कोशातल्या उदाहरणात फक्त नाव बदलून लिहिलेलं वाक्य मोजू नका. मग प्रत्येक वाक्यातली नवी जोडी अवतरणचिन्हांत टाकून ऑनलाइन शोधा. चांगल्या संपादित मजकुरात ती भरपूर दिसली तर ठीक. जेमतेम दिसली तर बदला.

त्यानंतर शेवटची चाळणी: साधा शब्द तेच सांगतो का? सांगत असेल तर साधाच ठेवा. 'यूज'च्या जागी 'यूटिलाइझ' घातल्याने वाक्य जड होतं, अर्थामध्ये काही भर पडत नाही. पण 'द प्लॅन इज नॉट फायनल'च्या जागी 'टेन्टेटिव्ह' आला तर एका शब्दात काम झालं. एका परिच्छेदात एक नवा शब्द पुरे.

## एक आडवाट: ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ

हे यादीत कधी सापडत नाहीत, कारण ते आपल्याला 'येतात'. मराठी बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा एकच अर्थ आपल्याकडे आलेला असतो. कर्ज 'सँक्शन' होतं, म्हणजे मंजूर होतं. मग बातमीत एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादल्याचं वाचून गोंधळ उडतो, कारण तिथे अर्थ आहे निर्बंध. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणं, पण 'क्वालिफाइड सपोर्ट' म्हणजे अटी घालून दिलेला पाठिंबा. 'ॲप्रिशिएट' म्हणजे कौतुक करणं, शिवाय मालमत्तेचं मूल्य वाढणं आणि एखादी अडचण समजून घेणं. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. प्रस्ताव 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटिश वापरात चर्चेला मांडणं आणि अमेरिकन वापरात बाजूला ठेवणं.

ओळखीचा शब्द असूनही वाक्य लागत नसेल तर संशय या शब्दांवरच घ्या. आठवड्याच्या कोट्यातला एखादा तरी शब्द या जातीचा असू द्या.

## महिन्याची परीक्षा आणि खंड पडला तर

महिनाअखेरीस पेटीतून न बघता २० कार्डं काढा. फक्त मराठी इशारा वाचून, कोऱ्या कागदावर प्रत्येकाचं एक नवं वाक्य लिहा. १४ किंवा जास्त जमली तर गती ठीक आहे. १० ते १३ असतील तर रोजचे शब्द पाचावरून तीनवर आणा. त्याखाली असतील तर पुढचे दोन आठवडे नवा शब्द बंद, फक्त उजळणी आणि वाक्यं. चुकलेल्यांत एकच प्रकार वारंवार दिसतोय का, तेही पाहा. प्रिपोझिशनं चुकत असतील तर चौथा टप्पा घाईत उरकलेला आहे. शब्द जिभेवर येऊन अडत असतील तर कार्डाच्या पुढच्या बाजूला तुम्ही इंग्रजी शब्दच लिहून ठेवलाय.

खंड सगळ्यांनाच पडतो. दोन आठवड्यांनी परत आलात आणि दीडशे-दोनशे कार्डं साचलेली दिसली, तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू नका आणि एका रविवारी सगळी संपवायलाही बसू नका. रोज ३० कार्डं, शेवटच्या म्हणजे पाचव्या कप्प्यातली आधी, कारण ती पटकन आठवतात आणि ढीग लवकर कमी होतो. ढीग संपेपर्यंत नवा शब्द घ्यायचा नाही. आणि त्या ढिगातलं जे कार्ड पाहून 'हा मी का घेतला होता?' असा प्रश्न पडेल, ते फाडून टाका.